उंबऱ्याबाहेरची नावे

स्मारके बहुधा उंचावर असतात. चौथरा, त्यावर पुतळा, भोवती कठडा अशी त्यांची रचना ठरलेली असते आणि ती पाहणाऱ्याला मान वर करायला लावते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा शिलालेख शिलाहार राजाची आठवण साडेनऊशेहून अधिक वर्षे सांभाळून आहे. सत्तेचे स्मरण दगडाला सहज पेलते. पण ज्याने राज्य केले नाही, युद्ध जिंकले नाही, ग्रंथ लिहिला नाही, अशा साध्या माणसाचे स्मरण कोठे ठेवावे? आणि त्या माणसाला एखाद्या राज्ययंत्रणेने योजनापूर्वक नाहीसे केले असेल, मागे थडगेही उरले नसेल, तर? गुंटर डेम्निग या जर्मन कलावंताने या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर, पदपथाच्या फरशीत शोधले.

त्यांचा दगड अगदी लहान असतो. दहा सेंटिमीटर उंचीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर ९६ मिलिमीटर लांबी-रुंदीचा पितळी पत्रा बसवलेला असतो. पत्र्यावरील मजकूर ठरावीक स्वरूपाचा असतो: येथे अमुक व्यक्ती राहत होती, तिचे जन्मवर्ष, तिला कोणत्या दिवशी नेले, कोठे नेले, आणि तिचे काय झाले. विशेषणे नाहीत, श्रद्धांजलीचे शब्द नाहीत. शेवटच्या ओळीत बहुधा ‘हत्या’ एवढाच उल्लेख आणि स्थळाचे नाव असते. हा दगड त्या व्यक्तीच्या घरासमोर बसवतात, आणि घर म्हणजे तिने स्वेच्छेने निवडलेला शेवटचा निवास. पुढे नाझींच्या हुकुमाने ज्यूंना ज्या घरांत दाटीवाटीने कोंबले गेले ते पत्ते या हिशेबात धरत नाहीत. १९९२ साली कोलोनच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसला. २०२३ च्या मे महिन्यात न्यूरेंबर्गमध्ये एक लाखावा दगड बसवण्यात आला. आज ते युरोपातील अनेक देशांत विखुरलेले आहेत.

मुलगा नोकरीनिमित्त बर्लिनला असल्यामुळे तेथे काही काळ राहण्याचा योग मला आला. उल्हासनगरच्या एका शाळेत मी अनेक वर्षे इतिहास शिकवला. नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केली, हे वाक्य प्रत्येक वर्षीच्या दहावीच्या तुकडीपुढे उच्चारले आहे. मोठी संख्या ऐकणाऱ्याला स्तंभित करते आणि त्याच क्षणी त्याला मोकळेही करते. साठ लाखांचे दुःख कोणा एका मनाला धारण करता येत नाही, म्हणून ते पुस्तकाच्या स्वाधीन केले जाते. बर्लिनमध्ये मुलाच्या घराशेजारच्या इमारतीसमोर चार दगड होते: आई, वडील आणि दोन मुले. धाकट्या मुलीचे जन्मवर्ष माझ्या थोरल्या बहिणीच्या जन्मवर्षाशी जुळत होते. त्या दारातून आता दुसरी कुटुंबे ये-जा करीत होती. कोणी सायकल काढत होते, कोणी बाळाची गाडी आत घेत होते. आयुष्य चालू होते आणि ते चालू राहणे योग्यच होते. मात्र या दारातून चार माणसे बाहेर नेली गेली आणि परत आली नाहीत, ही गोष्ट आता त्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक नसण्याची सोय उरलेली नव्हती.

या दगडांचे खरे कार्य मला येथे दिसते. आपण अत्याचाराचे स्थान नेहमी दूर कल्पितो. ऑशविट्झ म्हटले की काटेरी तारा, रेल्वेचा फाटा, धुराडे डोळ्यांपुढे येतात. तेथपर्यंत पोहोचण्यापूर्वी तो माणूस एका गल्लीत राहत होता, वाण्याकडून सामान आणत होता, जिन्यात शेजाऱ्याला नमस्कार करीत होता. बर्लिनमधून ज्यूंची पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ रोजी सुटली आणि पुढे या एका शहरातून पन्नास हजारांहून अधिक ज्यू नेले गेले. हे रानात, रात्रीच्या काळोखात घडले नाही. नेण्यापूर्वी प्रत्येकाकडून सोळा पानांचे मालमत्तापत्रक भरून घेतले जाई. त्यात कपाटे, गाद्या, कपडे, भांडी यांची मोजदाद असे. घर रिकामे झाले की सरकार त्या वस्तू ताब्यात घेई आणि पुष्कळदा त्यांचा जाहीर लिलाव होई. बोली लावणारे त्याच शहरातले नागरिक असत. म्हणजे अत्याचाराचा आरंभ छळछावणीत झाला नव्हता. तो उंबऱ्यावर झाला होता, शेजारी पाहत असताना झाला होता. दगड उंबऱ्याबाहेर बसवण्यामागील विचार हाच आहे, आणि म्हणून तो मला अत्यंत न्याय्य वाटतो.

ज्या कागदांनी त्या माणसांना लुटले, तेच कागद आज त्यांचा पत्ता सांगतात. दगड बसवण्यापूर्वी कोणाला तरी ते कागद शोधावे लागतात. हे काम सरकार करीत नाही. नातेवाईक करतात, शाळेतील मुले करतात, आणि पुष्कळदा त्या इमारतीत आज राहणारे लोक करतात, ज्यांचा मृताशी रक्ताचा काहीही संबंध नसतो. मालमत्तापत्रके, १९३९ च्या जनगणनेत आजी-आजोबांच्या वंशापर्यंत केलेल्या नोंदी, गाड्यांच्या प्रवासी याद्या हे सारे जुळवून एका व्यक्तीच्या आयुष्याच्या पाच-सहा ओळी सिद्ध होतात. दगडावरचे प्रत्येक अक्षर हाताने ठोकून उमटवले जाते. हत्या कारखान्याच्या पद्धतीने झाली, म्हणून स्मरण कारखान्यात घडवायचे नाही, असा डेम्निग यांचा आग्रह आहे. त्यामुळे मागणी केल्यावर दगडासाठी दीर्घकाळ थांबावे लागते. हा विलंब मला त्या कामाचाच एक भाग वाटतो.

एक शंका मात्र भारतीय मनात उमटल्याशिवाय राहत नाही. नावावर पाय पडतो. पुस्तकाला पाय लागला तर हात कपाळाला नेणारी आपण माणसे आहोत. मृताचे नाव पायदळी येऊ देणे हे आपल्या संस्कारात बसत नाही. दुसरीकडे आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर आणि फरश्यांवर ‘स्मरणार्थ’ म्हणून कोरलेली आईवडिलांची नावे आपण शतकानुशतके तुडवत आलो आहोत, आणि ज्यांनी ती कोरवून घेतली त्यांना भक्तांच्या पायधुळीचीच अपेक्षा होती. पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. संतांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी तेथे समाधी घेतली, अशी परंपरा आहे. वारकरी त्या पायरीवर पाय ठेवत नाही. तो तेथे वाकतो आणि पुढे जातो.

मग या दोन भावनांची सांगड कशी घालावी? नामदेवांनी ती जागा स्वतः मागून घेतली होती. ज्यांना घरातून ओढून नेले त्यांना कोणी विचारले नव्हते. म्यूनिकमधील ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख, ज्या स्वतः बालपणी लपून राहून वाचल्या, या दगडांना विरोध करतात तो याच कारणाने. ज्यांना बुटांखाली चिरडले गेले त्यांची नावे पुन्हा पायाखाली नकोत, असे त्यांचे म्हणणे आहे. २००४ साली म्यूनिकच्या नगरपरिषदेने सार्वजनिक जागेत असे दगड बसवण्यास नकार दिला, एका दाम्पत्याचे आधी बसवलेले दगड उखडून काढण्यात आले, आणि २०१५ मध्ये तोच निर्णय कायम राहिला. २०१८ पासून तेथे घराच्या भिंतीवर किंवा दारासमोरील खांबावर, डोळ्यांच्या पातळीवर नामफलक लावले जातात. समर्थकांचे म्हणणे वेगळे आहे. पावलांच्या घर्षणाने पितळ उजळ राहते आणि वाचायचे असेल तर प्रत्येकाला वाकावे लागते.

या वादात दोन्ही बाजूंना सारखे तोलून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. मृत व्यक्तीचे नातलग हयात असतील, तर शेवटचा शब्द त्यांचा असावा. म्यूनिकमधील काही कुटुंबांना आपल्या आप्तांसाठी दगडच हवे होते आणि त्यांना ते नाकारले गेले, ही गोष्ट मला क्लेशदायक वाटते. तरीही क्नोब्लोख यांच्या आक्षेपाला मी भावुकता म्हणणार नाही. पावलाखालच्या नावाचा अर्थ पाऊल टाकणाऱ्यावर अवलंबून असतो, आणि ज्यांनी एकेकाळी त्या पावलांची भीती अनुभवली, त्यांना आजच्या पादचाऱ्याच्या मनाची हमी कोण देणार?

येथवर वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल: हे सारे आपल्यापासून फार दूरचे नाही काय? अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला ज्यूंचा परिचय आहे तो बेने इस्रायली शेजाऱ्यांचा. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे हे वंशज, अशी त्यांची स्वतःची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटले. किहीमकर, दिवेकर, पेणकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. माझ्या लहानपणी आमच्या वसाहतीत असे एक कुटुंब होते. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करीत आणि पोहे, खोबरे व फळांचा प्रसाद आमच्याही घरी येई. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेले. ते कोणाच्या धाकाने गेले नाही, आणि त्यांच्या निरोपाला अवघी वसाहत स्टेशनवर आली होती. ज्यूंना त्यांच्या धर्मासाठी या भूमीने छळले नाही, हे सत्य आहे आणि ते अभिमानाने सांगावे असे आहे. पण जर्मनीतील ज्यूंचे शेजारीही १९३० पर्यंत त्यांच्या घरचे गोडधोड खातच होते. शेजारधर्म ही एकदा मिळवून ठेवण्याची मिळकत नाही, एवढे तरी त्या इतिहासातून दिसते.

शिवाय हा विनाश आपल्यापासून वाटतो तितका दूरही नव्हता. १९३३ नंतर नाझींच्या तावडीतून निसटलेले काही लोक मुंबईत आले. त्यांच्या साहाय्यासाठी १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्या काळात मध्य युरोपातून आलेली नावे मुंबईच्या कलाजगताला परिचित आहेत. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील आरा, हुसेन, रझा यांसारख्या तरुण चित्रकारांना या तिघांनी आधार दिला. तरी हा आश्रयही निर्वेध नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून हिटलरपासून पळालेल्या ज्यूंनाही अटक केली आणि अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले. चौकशीनंतर पुष्कळांची सुटका झाली. छळणारा आणि छळलेला एकाच पासपोर्टमुळे एकाच कुंपणात आले, ही आपल्याच महाराष्ट्रात घडलेली गोष्ट आहे.

आणि आकाशवाणीची ती धून. माझ्या पिढीतील बहुतेक घरांत दिवस तिनेच सुरू होई. वडिलांना पहाटेची कर्जत-मुंबई लोकल गाठायची असे, आणि तानपुऱ्यावर उमटणारे ते व्हायोलिनचे सूर म्हणजे आमच्या घराचे घड्याळ होते. ती रचना वॉल्टर कॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते. बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आला, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आपल्या रागसंगीताचा अभ्यासक झाला, आणि १९४६ साली येथून गेला. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, काफ्का यांची बहीण एली यांची कन्या. एली यांना १९४१ साली प्रागहून लॉड्झच्या बंदिस्त ज्यू वस्तीत नेण्यात आले. त्या परतल्या नाहीत. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. अंबरनाथच्या ज्या स्वयंपाकघरांत ती धून रोज वाजत होती, तेथे कोणालाही यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या सुरांत काही फरक पडला नसता, ऐकणाऱ्यांत कदाचित पडला असता.

आता उल्हासनगरकडे येते, कारण माझे आयुष्य तेथे गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराचा पाया घातला गेला आणि जवळच्या नदीवरून त्याला नाव मिळाले. आजही तेथील माणूस आपला पत्ता कॅम्प नंबर आणि बराक नंबर यांनी सांगतो. येथे मला अत्यंत सावधपणे लिहिले पाहिजे. ज्यूंचा संहार आणि फाळणी या एका तराजूत घालण्याच्या गोष्टी नाहीत. पहिल्यात एका राज्याने एका समाजाचा संपूर्ण नाश हेच धोरण म्हणून स्वीकारले होते. दुसऱ्यात भय, हिंसा आणि राजकीय घाई यांनी दोन्ही बाजूंच्या लक्षावधींना बेघर केले, आणि सिंधमधून निघालेल्या बहुतेकांचे प्राण वाचले. दुःखांची अशी बरोबरी मांडली की दोन्ही दुःखांचा अवमान होतो. माझे म्हणणे फक्त स्मरणाच्या पद्धतीपुरते आहे.

उल्हासनगरचा माणूस आपल्या व्यापाराबद्दल, शून्यातून उभ्या केलेल्या कारखान्याबद्दल बोलतो, आणि त्याने बोलावेच. पण त्याने स्वेच्छेने निवडलेले शेवटचे घर कोणते, हे विचारले तर उत्तर सीमेपलीकडे जाते: हैदराबाद, शिकारपूर, सक्कर, कराचीतील एखादी गल्ली. तेथे त्याच्या नावाचा दगड नाही. त्याच घरात कदाचित संयुक्त प्रांतातून वा मुंबईतून गेलेले मुसलमान कुटुंब आले असेल, आणि त्यांच्याही मूळ घरासमोर, लखनौला किंवा आग्र्याला, दगड नाही. बर्लिनच्या त्या चार दगडांमागे एक गृहीत आहे: आज तेथे राहणाऱ्याने काल तेथे राहणाऱ्याचे नाव आपल्या दारात मान्य केले आहे. काही ठिकाणी घरमालकांनी विरोधही केला, तरी गृहीत टिकले. दोन्ही देशांतील आपल्या गावांनी ही मान्यता अजून दिलेली नाही. सीमा बंद आहे, भावना तीव्र आहेत, आणि कोणाच्या दारात कोणाचे नाव ठेवायचे म्हटले तर लगेच जमिनीचा दावा ऐकू येतो. नाव आणि दावा यांत भेद करण्याएवढा विश्वास आपल्यात निर्माण झालेला नाही, हे दुःखाने म्हणावे लागते.

म्हणून पितळी दगडांची मागणी मी येथे करीत नाही. दगडाच्या आधी जे करावे लागते, त्याबद्दल मात्र बोलणे मला कर्तव्य वाटते. आमच्या शाळेतील शेवटच्या काही वर्षांत मी मुलांना एक काम देत असे: घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिचे जुने घर विचारायचे. शहराचे नाव पुरे नाही. गल्ली कोणती, शेजारी कोण राहत, दाराचे तोंड कोणत्या दिशेला होते, घरातून निघताना बरोबर काय घेतले आणि कोण मागे राहिले. मुले लिहून आणीत. काही वह्यांत अर्धे पान भरले, काहींत पानामागून पाने. सिंधी मुलांबरोबर मराठी मुलेही लिहीत. कोणाचे आजोबा दुष्काळात साताऱ्याकडून अंबरनाथच्या कारखान्यात आलेले, कोणाचे गाव धरणाखाली गेलेले. एका वहीत एका आजोबांनी शेजारच्या मुसलमान शिंप्याचे नाव आवर्जून लिहायला लावले होते, कारण त्याने रात्रभर दाराशी बसून कुटुंबाला स्टेशनपर्यंत पोहोचवले. त्या शिंप्याचे नाव जगातील अन्य कोणत्याही कागदावर असेल, असे मला वाटत नाही.

जर्मनीत संशोधकांना निदान मारेकऱ्यांनी केलेल्या याद्या मिळतात. येथे तशा याद्या फारशा नाहीत. निर्वासितांच्या दाव्यांचे कागद सरकारी दप्तरांत आहेत, पण त्यांत मालमत्ता आहे, शिंपी नाही. तो केवळ माणसांच्या स्मरणात आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाळांनी, वाचनालयांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी हे काम उचलले तर त्याला अनुदान लागणार नाही, वह्या आणि वेळ एवढेच लागेल. त्या नावांचे पुढे काय करायचे, ती कोठे आणि कशी लिहायची, हे नंतर येणाऱ्यांना ठरवू द्यावे. ती गोळा करण्याचे काम मात्र त्यांच्यासाठी राखून ठेवता येणार नाही, कारण १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे.